मृत्युपत्र लिहाच गुरुजी, पण आधी सातबारा उघडा

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय, थोडं कमी करून देते.

"माझं वय 71. झेडपीच्या शाळेतून रिटायर झालो. थोरला मुलगा डोंबिवलीला, मुलगी चिपळूणला दिलेली, धाकटा माझ्याजवळ असतो, बाग तोच बघतो. राहतं घर आजोबांच्या वेळचं आहे, कौलं काढून स्लॅब मी टाकला, घरपट्टी माझ्या नावावर येते. गणपतीला चुलतभाऊ मुंबईहून याच घरात येतात. वरची कलमांची बाग वडिलांनी खरेदी केलेली, वडील 1998 ला वारले, नंतर आईही गेली, सातबाऱ्यावर मी, माझा मोठा भाऊ आणि दोन बहिणी अशी चार नावं आहेत. बहिणी काही मागणार नाहीत, त्या तोंडी तसं बोलल्यात. खाली 20 गुंठे आगर (नारळ-सुपारीची वाडी) मी नोकरीत असताना माझ्या पैशाने घेतलं. बँकेत एफडी आहेत, नॉमिनी धाकटा. थोरल्याला फ्लॅटसाठी पैसे दिले होते, मुलीचं लग्न केलं, त्यामुळे आता घर, बाग, आगर सगळं धाकट्याला द्यावं असं वाटतं. सौ. धाकट्याकडेच राहील. धाकट्याने तालुक्यातून एक ड्राफ्ट टाईप करून आणलाय, त्यावर सही करू का? की बक्षीसपत्रच करून टाकू म्हणजे मागे कटकट नको? स्टँप पेपर किती रुपयांचा लागेल?"

गुरुजी, नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते सोपं आहे. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कोरा कागद चालतो, मराठीत चालतं, तुमच्या हाताने लिहिलेलं असलं तर उत्तमच. त्या ड्राफ्टवर मात्र सही करू नका, का ते पुढे सांगते.

तुम्ही विचारताय कुणाला काय देऊ. कोकणात त्याच्या आधी एक प्रश्न असतो, की यातलं माझं नक्की किती? मृत्युपत्राने माणूस फक्त स्वतःचं देऊ शकतो. तुम्ही घर, बाग, आगर एका दमात लिहिलंय, पण कायद्याच्या डोळ्यांनी बघितलं तर हे तीन वेगळे ढीग आहेत आणि तिन्हींचा हिशोब वेगळा.

आगर घ्या. तुमच्या पगारातून घेतलं, खरेदीखत तुमच्या नावे, सातबारा तुमचा एकट्याचा. हे पूर्ण तुमचं. धाकट्याला द्या, मुलीला द्या, काकूंना म्हणजे तुमच्या सौ.ना द्या, कुणाची संमती लागत नाही. एफडीचंही तेच.

वरची बाग वडिलांनी स्वतः खरेदी केलेली होती आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं मी धरून चालते. मग 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने ती आई आणि तुम्ही चार भावंडं यांच्यात सारखी आली, आईच्या पश्चात तिचा वाटाही तुम्हा चौघांत, म्हणजे आज तुमचा चौथा हिस्सा. तुमच्या मृत्युपत्रात "वरची बाग धाकट्याला" असं कितीही ठळक लिहिलं तरी त्याला मिळणार तो चौथा हिस्साच, तोही सामायिक, कुठला चौथा ते वाटप झाल्याशिवाय ठरत नाही. धाकट्याने पाच वर्षं फवारणी केली, खत घातलं, राखण केली, हे सगळं खरं, पण त्याने बहिणींचा हिस्सा कमी होत नाही. एक बरं आहे, वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीतून वारसाने आलेला हा तुमचा हिस्सा तुमचा स्वतंत्र धरला जातो, तो कुणाला द्यायचा हे तुम्ही ठरवू शकता.

आणि घर, खरं गुंतागुंतीचं ते घरच आहे. आजोबांचं घर, म्हणजे तुमचे वडील आणि काका दोघांचं, म्हणून तर चुलतभाऊ गणपतीला हक्काने येतात. ढोबळ धरलं तर अर्धं त्यांच्या बाजूचं आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही चौघं, म्हणजे तुमच्याकडे आठवा हिस्सा. ढोबळ म्हणते कारण आजोबा 1956 च्या आधी वारले की नंतर, त्यांना मुली होत्या का, मधे कधी वाटणी झाली का, यावर आकडा बदलतो. शिवाय घर वडिलोपार्जित ठरलं तर तुमच्या वाट्यात तुमच्या मुलांचाही जन्माने हक्क असू शकतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने येते. बाप 2005 ला हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. घरपट्टी तुमच्या नावे येते, स्लॅब तुम्ही टाकला, पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ग्रामपंचायत कर कुणाकडून घ्यायचा एवढंच त्यात बघते. स्लॅबच्या खर्चाची बिलं असतील तर जपून ठेवा, वाटपाच्या वेळी बोलायला उपयोगी पडतात.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, मग आधी वाटप होऊ दे, मृत्युपत्र नंतर बघू. तसं अजिबात करू नका. वाटपाला वर्षं जातात, मोजणी मागवायची, सगळ्यांना एका दिवशी बोलवायचं, त्यात कुणी एक जण सही अडवतो आणि तोपर्यंत माणूस निघून जातो. मृत्युपत्र आत्ताच करा आणि त्यात लिहा की अमुक मिळकतीत माझा जो काही अविभक्त हिस्सा आहे किंवा पुढे वाटपात माझ्या वाट्याला जे येईल ते. हिंदू माणसाला सामायिक मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, कायद्यात तशी सोय आहे. वाटप पुढे झालं की नवीन मृत्युपत्र करा, शेवटचं जे असेल ते खरं धरलं जातं.

त्यासाठी या आठवड्यात एक काम करा, सगळे सातबारे आणि आठ अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन 15 रुपयांत मिळतो, धाकट्याला मोबाईलवर काढून देता येईल. तो समोर ठेवून एक एक नाव वाचा. कंसात गेलेली नावं कुणाची, त्यांच्या जागी कोण आलं, फेरफार (नाव बदलल्याची नोंद) नंबर कुठला, इतर हक्काच्या रकान्यात कुणा कुळाचं किंवा सोसायटीच्या बोजाचं नाव अजून लटकलंय का. कर्ज फिटून जमाना झाला आणि बोजा तसाच, असं घराघरात आहे. कुळकायद्याने मिळालेला एखादा नंबर निघाला तर तो वकिलांना वेगळा दाखवा, त्यावर हस्तांतराची बंधनं असतात. मृत्युपत्रात जमीन लिहिताना "वरची बाग", "खालचं आगर" असं लिहू नका, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र लिहा. वरची बाग म्हणजे कुठली हे तुम्हाला आणि तुमच्या गड्याला माहीत, तलाठी भाऊसाहेब दर थोड्या वर्षांनी बदलतात.

आणि विहीर. हे कुठल्याच छापील नमुन्यात नसतं आणि आपल्याकडे अर्धी भांडणं याच्यावरून होतात. विहीर आगरात, पंप धाकट्याचा, पाईप वरच्या बागेत जातो, आणि बागेत जायची पायवाट घराच्या मागच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून. आगर एकाला गेलं आणि बाग दुसऱ्याकडे राहिली की पहिल्याच मार्चमध्ये पाण्यावरून बोलणं बंद होतं. विहिरीचं पाणी कुणी कसं घ्यायचं, लाईटबिल कुणी भरायचं, वाट कुठून आणि किती रुंद, गडगा कुणाचा, हे चार ओळीत लिहून टाका. तुम्ही शिक्षक आहात, नकाशा काढता येतो तुम्हाला, हाताने एक कच्चा नकाशा काढून सोबत जोडा आणि त्याच्यावरही मृत्युपत्रासारखीच तुमची आणि साक्षीदारांची सही घ्या.

आता बहिणींचं. "त्या काही मागणार नाहीत" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत असतं आणि मला त्याची काळजी वाटते. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. तो सोडायचा तर रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं. वडिलोपार्जित मिळकतीचं जवळच्या नात्यातलं हक्कसोडपत्र असेल तर स्टँप ड्युटी नाममात्र आहे, पण कागद झालाच पाहिजे आणि तो कुणाच्या लाभात, सगळ्या भावंडांच्या की फक्त तुमच्या, हेही त्यात स्पष्ट हवं. आज दोघी बहिणी आहेत, तुमचं त्यांच्याशी बोलणं आहे. उद्या त्यातली एक गेली की तिच्या जागी तिचे यजमान आणि मुलं येतात, कुणी पुण्यात कुणी बडोद्यात, त्यांना तुमच्या बागेचा रस्ताही माहीत नसतो आणि सातबाऱ्यावरची चार नावं सात-आठ होतात. तेव्हा घाई आहेच. पण गुरुजी, मनापासून सांगते, कागद पुढे करून "इथे सही कर" असं नका करू. आधी विचारा, तुला काय हवंय. कुणाला पैसे नको असतात पण माहेरी एक खोली हवी असते, कुणाची तब्येत ठीक नसते आणि तिला खरंच पैशांची गरज असते पण भावाला कसं मागायचं म्हणून गप्प बसलेली असते. त्यांचा चौथा-चौथा हिस्सा हा त्यांचा हक्क आहे, तुमच्यावरचा उपकार म्हणून सोडायची गोष्ट नाही. जिला पूर्ण सोडायचं नसेल तिला तिचा वाटा मोजून द्या नाहीतर योग्य किंमत द्या.

मुलीबद्दलही हेच. आगरातून तिला वगळायचा तुम्हाला कायद्याने अधिकार आहे. पण "लग्न केलं" हे कारण मला पटत नाही, लग्न तर तुम्ही मुलग्यांचंही केलंत. थोरल्याला फ्लॅटला पैसे दिलेत, त्याचा हिशोब आहे, तो मृत्युपत्रात लिहा, की अमुक साली इतके दिले म्हणून आता कमी देतोय. मुलीला एफडीमधली एखादी ठेवायला काय हरकत आहे? शेवटी पैसा तुमचा, पण न देण्याचं कारण मृत्युपत्रात दोन ओळीत लिहाच, कोर्टात त्याला वजन असतं, आणि त्याच्याआधी तिला समोर बसवून सांगा. तुमच्या मागे तिला हे तलाठ्याच्या नोटिशीतून कळलं तर ती ते आयुष्यभर विसरणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते. अख्ख्या पत्रात काकू एकदाच येतात, "सौ. धाकट्याकडेच राहील". समजा तुम्ही सगळं धाकट्याच्या नावे लिहिलंत. काकू तुमच्यामागे पंधरा-वीस वर्षं असू शकतात. त्या काळात धाकट्याला काही झालं, कर्ज झालं, त्याने आगर विकायला काढलं, सुनेशी पटेनासं झालं, तर काकूंच्या हातात काय? फॅमिली पेन्शन त्यांना मिळेल, ती मृत्युपत्राने कुणी काढून घेऊ शकत नाही, पण राहायचं कुठे? म्हणून माझं सांगणं असं, बाकीच्या एफडी सरळ काकूंच्या नावे लिहा. आगरात त्यांना तहहयात हक्क ठेवा, म्हणजे त्या असेपर्यंत उत्पन्न त्यांचं, त्यांच्या सहीशिवाय विक्री नाही, गहाण नाही, आणि त्यांच्या पश्चात धाकटा मालक. घरातली त्यांची खोली, स्वयंपाकघर आणि पडवी वापरायचा हक्कही तुमच्या हिश्श्यापुरता लिहा. पण शब्द जपून. एका ओळीत "पत्नी पूर्ण मालक" आणि पुढच्या ओळीत "तिच्या पश्चात धाकट्याला" असं लिहिलं की भांडण तयार झालं, कारण पूर्ण मालक असेल तर तिच्यानंतरचं ती ठरवणार. पूर्ण मालकी द्यायची की तहहयात उपभोग, एकच काहीतरी ठरवा आणि तेवढंच लिहा. हा एक परिच्छेद तरी वकिलांकडूनच लिहून घ्या. आणि काकूंना विचारून घ्या हो, त्यांना काय हवंय. त्यांचे दागिने, माहेरून आलेलं काही असेल तर त्यांनीही स्वतःचं वेगळं मृत्युपत्र करावं, दोघांचं एकत्र नको.

बक्षीसपत्राबद्दल. मुलाला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस द्यायला आपल्याकडे मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, त्यामुळे बरेच जण करून मोकळे होतात. पण बक्षीसपत्र रजिस्टर झालं की त्या दिवसापासून मालक तो, तुम्ही नाही, आणि मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. तुमचा धाकटा चांगला मुलगा आहे हे पत्रातूनच कळतं, तरी 71 व्या वर्षी स्वतःच्या नावावरची जागा हातातून सोडू नये असं माझं ठाम मत आहे. करायचंच असेल तर आईवडिलांचा सांभाळ करायची अट त्यात शब्दांत लिहा, ती अट पाळली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं, अट लिहिलेली नसेल तर अवघड जातं.

एफडीला नॉमिनी धाकटा आहे म्हणून पैसे त्याचे झाले असं तो समजत असेल तर सांगा त्याला, बँकेसाठी नॉमिनी म्हणजे पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, त्या पैशावर हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याचा. आता बँकेत चार नॉमिनीपर्यंत नावं देता येतात, काकूंचं नाव घाला, म्हणजे मृत्युपत्र आणि पासबुक एकमेकांशी जुळतील.

मग तो टाईप केलेला ड्राफ्ट. धाकट्याच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण ज्याला सगळं मिळणार त्यानेच ड्राफ्ट आणला, त्यानेच गाडीत बसवून नेलं, त्याच्याच मित्रांच्या साक्षी, असं दिसलं की कोर्ट संशयाने बघतं आणि तो संशय फेडायची जबाबदारी त्याच्यावरच येते. तुम्ही त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला यापासून लांब ठेवा. वकील तुम्ही शोधा, फी तुम्ही द्या, लिहिताना, सही करताना मुलांपैकी कुणी खोलीत नको.

सहीला दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं आणि मग तुमच्यासमोर त्यांनी सही करायची. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला द्यायची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे ते किंवा त्यांच्या घरचे साक्षीदार नकोत. आणि तुमच्या वयाचे शाळासोबती नका घेऊ, वाद झाला तर किमान एका साक्षीदाराने कोर्टात येऊन सांगावं लागतं. चाळीस-पंचेचाळीसचे, गावातच राहणारे दोघे घ्या, तुमचे जुने विद्यार्थी असतीलच. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाच्या तारखेचं सर्टिफिकेट घ्या की गुरुजी शुद्धीत आहेत आणि समजून सही करतायत, डॉक्टरच साक्षीदार झाले तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक पानावर सही, तारीख, ठिकाण. खाडाखोड नको, चुकलं तर पान परत लिहा. यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं रद्द असं एक वाक्य, आणि वर न लिहिलेलं जे काही उरेल ते कुणाला असं एक वाक्य, ही दोन विसरू नका. अंमल करणारा म्हणून कुणाचं तरी नाव लिहा. मुलीचं लिहिलंत तर मला आवडेल, चिपळूण जवळ आहे आणि तिघांशी बोलू शकेल अशी तीच वाटते.

रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण तुम्ही कराच. दुय्यम निबंधक कार्यालयात फी अगदी किरकोळ आहे, आणि तब्येतीमुळे जाणं शक्य नसेल तर अर्ज करून अधिकाऱ्यांना घरी बोलवता येतं. मात्र रजिस्टर केलं म्हणजे दगडावरची रेघ झाली असं नाही, नंतर साध्या कागदावर नीट केलेलं दुसरं मृत्युपत्र निघालं तर ते चालतं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागेल का असं लोक घाबरून विचारतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मिळकतीला ते सक्तीचं नाही. तुमच्या पश्चात मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र लावून फेरफाराचा अर्ज करायचा, मग सगळ्या वारसांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात, हरकत आली नाही तर नोंद मंजूर. म्हणजे थोरला, मुलगी, सगळ्यांना कळणारच आहे, मग ते तुमच्याच तोंडून आधी कळलेलं काय वाईट?

हे सगळं हिंदू कुटुंबाच्या कायद्याने लिहिलंय. दाभोळ, हर्णै, रत्नागिरीच्या मुस्लिम वाचकांनी लक्षात ठेवा, तुम्हाला वारसांच्या संमतीशिवाय मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही, आणि तेवढंही वारसांपैकीच एकाला द्यायचं तर साधारणपणे बाकीच्यांची संमती लागते, तुमचा सल्ला वेगळा घ्या.

घरच्यांशी बोलायचं कधी, तर गणपतीत नको. सगळे एकत्र असतात म्हणून मोह होतो पण घरात पंचवीस माणसं, आरत्या, पाहुणे, परतीच्या गाडीची घाई, त्यात चुलतभावांसमोर घराचा विषय निघाला की पुढच्या वर्षी कोण येईल सांगता येत नाही. मे महिन्यात मुलं आंब्याला येतील तेव्हा तुम्ही, काकू आणि तिन्ही मुलं एवढेच बसा. चुलतभावांशी घराचं बोलणं वेगळं करा, आणि त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा की वाटप कसंही झालं तरी गणपती याच घरात बसेल आणि तुमची यायची वाट बंद होणार नाही, मृत्युपत्रात ही इच्छा म्हणून लिहिलीत तरी चालेल. त्याआधी या महिन्यात आगर आणि एफडी यांच्यापुरतं मृत्युपत्र, घर-बागेतल्या तुमच्या हिश्श्याच्या एका कलमासकट, पूर्ण करून टाका. मूळ प्रत लॉकरमध्ये फक्त तुमच्या एकट्याच्या नावे ठेवू नका, तो उघडायलाच मुलांना कागद लागतील. काकूंना कपाटातली जागा दाखवा आणि मुलीकडे एक झेरॉक्स द्या. वडिलांच्या बागेचं खरेदीखत आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला सापडला तर पुन्हा लिहा, घराच्या हिश्श्याचं मग नीट सांगता येईल.